कंट्रोलर विचारत नाही तो प्रश्न

मंडळाच्या कार्यक्रमात मी ‘कॉम्प्युटरवाला’ आहे हे कळलं, की जेवणाच्या रांगेत हमखास कोणीतरी विचारतं, "घरी दोन डिस्कवाला डबा घेतलाय, सगळे फोटो त्यात टाकलेत. आता काळजी नाही ना?" हातात श्रीखंडाची वाटी असताना याचं खरं उत्तर देता येत नाही. म्हणून यंदा स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा ठरवलं, ते उत्तर एकदा सविस्तर लिहूनच टाकू.

एम.एस. करायला अमेरिकेत आलो तेव्हा वाटलं होतं, मोठमोठे प्रोग्रॅम लिहू. नशिबात आला स्टोरेज कंट्रोलर! सर्व्हरमधल्या सगळ्या हार्ड डिस्कवर देखरेख करणारं हे एक छोटं कार्ड. मशीन सुरू होताना ठरावीक कळा दाबल्या की त्याचा मेनू उघडतो आणि तो काही प्रश्न विचारतो. उत्तरं आधीच भरलेली असतात. एंटर, एंटर करत पाच मिनिटांत बाहेर पडता येतं. पुढची पाच वर्षं मात्र त्या पाच मिनिटांवर उभी असतात.

पहिला प्रश्न, ‘रेड’ कुठली? इन्कम टॅक्सची नव्हे! १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध लिहिला. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जुंपायच्या, ही त्यातली कल्पना. त्यातून हे नाव आलं. एक टेराबाइटच्या चार डिस्क घ्या. रेड शून्य केलं तर चारही टेराबाइट वापरायला मिळतात, पण एक डिस्क गेली की सगळंच गेलं. रेड दहामध्ये प्रत्येक डिस्कला एक जुळी बहीण असते, त्यामुळे जागा निम्मी. रेड पाचमध्ये तीन टेराबाइट मिळतात आणि उरलेल्या जागेत बेरीज ठेवलेली असते. सात, पाच आणि नऊ यांची बेरीज एकवीस. पाच पुसले गेले तरी एकवीसमधून सोळा वजा करून ते परत मिळतात. खरी आकडेमोड वेगळी असते, पण तत्त्व हेच. मात्र दोन आकडे एकदम पुसले गेले, तर बेरीज काय करणार?

दुसरा प्रश्न लिहिण्याच्या पद्धतीचा. आपल्या लहानपणीचा वाणी आठवा. एक वाणी उधारी आधी चोपडीत लिहायचा आणि मगच साखर द्यायचा. दुसरा म्हणायचा, "न्या हो वहिनी, लिहितो नंतर." दुसऱ्याच्या दुकानात रांग भराभर सरकायची, पण हिशेब त्याच्या डोक्यात. कंट्रोलरही असेच दोन प्रकारे वागतो. ‘राइट थ्रू’ म्हणजे डिस्कवर लिहून झाल्यावरच ‘झालं’ म्हणणं. ‘राइट बॅक’ म्हणजे मेमरीत ठेवून लगेच ‘झालं’ म्हणणं आणि सवडीने डिस्कवर उतरवणं. दुसरी पद्धत कितीतरी वेगवान, पण मधेच वीज गेली तर डोक्यातली उधारी बुडाली!

म्हणून त्या कार्डाला छोटी बॅटरी जोडतात. लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या माणसाला तिचं महत्त्व सांगावं लागत नाही. इथल्या लोकांना वाटतं वीज जातच नाही. १४ ऑगस्ट २००३ ला दुपारी चारनंतर न्यूयॉर्कपासून डेट्रॉइट आणि टोरांटोपर्यंत अंधार झाला, तेव्हा सुमारे पाच कोटी लोकांना तिची किंमत कळली. ही बॅटरीही काही वर्षांनी म्हातारी होते. मग कंट्रोलर शहाण्यासारखा आपण होऊन पहिल्या पद्धतीवर येतो आणि सर्व्हर मंदावतो. एका ऑफिसात असंच झालं. तिथल्या कोणीतरी मेनूत जाऊन ‘बॅटरी नसली तरी राइट बॅक’ असं ठोकून दिलं. वेग आला, सगळे खूष! पुढच्याच वादळात डेटाबेसचा चिवडा झाला आणि निस्तरायला मला बोलावलं.

तिसरा प्रश्न राखीव डिस्कचा, आपल्या क्रिकेटमधल्या बाराव्या गड्यासारखा. चौथा गस्तीच्या वाचनाचा. बायका उन्हाळ्यात डब्यातलं धान्य काढून ऊन दाखवायच्या, कीड लागली असेल तर वेळीच कळावं म्हणून. कंट्रोलरही फावल्या वेळात सगळ्या डिस्क वाचून काढू शकतो. हे बंद ठेवलं तर कीड कळते ती एक डिस्क मेल्यावर, बाकीच्यांवरून हिशेब मांडताना. म्हणजे नेमकी नको तेव्हा.

या चारांची उत्तरं नीट दिली म्हणजे काळजी मिटली का? नाही. कारण एक प्रश्न कंट्रोलर विचारतच नाही: "याची दुसरी प्रत कुठे आहे?"

माझ्या एका मित्राने वडिलांच्या आठवणी टेप केल्या होत्या. साताऱ्याच्या घरी दर भेटीत तासभर बसायचं आणि त्यांना बोलतं करायचं. विहिरीत पोहायला कसे शिकले, पहिला पगार कसा खर्च केला, सगळं त्यात. इकडे आणून त्याने ते दोन डिस्कच्या डब्यात ठेवलं, एकीचा आरसा दुसरी. २०१० मध्ये वडील गेले. पुढच्या वर्षी मुलाने गेमसाठी जागा करताना ते फोल्डर पुसलं. आरशाने आपलं काम चोख केलं. क्षणात दुसऱ्या डिस्कवरूनही पुसलं! दोन्ही डिस्क ठणठणीत होत्या, लाल दिवा लागला नाही. लागणार तरी कसा? काहीच बिघडलं नव्हतं. पुढे ठाण्याच्या बहिणीकडे त्याने कधीतरी पाठवलेली एक सीडी निघाली. तीत निम्म्या आठवणी होत्या. उरलेला आवाज कुठेच नाही.

रेड डिस्कच्या मरणापासून वाचवते. चुकून पुसलेलं, चोरी, आग, तळघरात शिरलेलं पाणी, यांपुढे ती हतबल असते. म्हणून आमच्या धंद्यात साधा नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. क्लाउडवर ठेवा, नाहीतर भारतात जाताना बॅगेत एक डिस्क टाकून भावाच्या कपाटात ठेवून या. येताना चकलीचे डबे आणतोच की आपण! आणि दिवाळीच्या साफसफाईत ती प्रत एकदा उघडून, दोन-चार फाइल चालवून बघा. न उघडलेल्या बॅकअपचा भरवसा धरू नका.

आपल्या मंडळाच्या जुन्या गणेशोत्सवांच्या, नाटकांच्या व्हिडिओ टेप आता एका सभासदाच्या तळघरात अशाच एका डब्यात आहेत. त्यांत आज आपल्यात नसलेली कितीतरी माणसं हसतायत, गातायत. त्याची दुसरी प्रत करायला मी तयार आहे. ती ठेवायला कोणाचं कपाट मिळेल?