मधली जागा

सत्तावन्नाव्या वर्षी माणसाच्या हातून नवं काही घडेल, अशी अपेक्षा जग फारशी ठेवत नाही. आपल्याकडच्या सरकारी नोकरीत असता तर अमेरिकन जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन १९५६ साली पेन्शनचे कागद जुळवत बसला असता. शिवाय त्याच्या धंद्याचीच मुदत संपत आली होती. पंधरा-सोळा वादकांचा ताफा घेऊन गावोगाव फिरायचं, हे बिग बँडचं गणित महायुद्धानंतर कोलमडलं आणि नावाजलेले बँड एकामागून एक मोडले. एलिंग्टनने आपला मोडला नाही. स्वतःच्या गाण्यांच्या रॉयल्टीतून तो पगार भागवत राहिला. १९४३ साली कार्नेगी हॉल गाजवलेला हा संगीतकार १९५५च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या फ्लशिंगमध्ये बर्फावरच्या स्केटिंगच्या खेळाला साथ करत होता.

‘एलिंग्टन ॲट न्यूपोर्ट’ ही रेकॉर्ड ऐकायला बसताना एवढं ठाऊक असावं. नाहीतर त्या रात्रीचा जल्लोष नुसता गोंगाट वाटतो.

ती रात्र ७ जुलै १९५६ची. ऱ्होड आयलंडमधलं न्यूपोर्ट म्हणजे गर्भश्रीमंतांच्या उन्हाळी बंगल्यांचं गाव. सुरुवातीला बँड स्टेजवर चढला तेव्हा चार वादकांचा पत्ताच नव्हता, त्यामुळे थोडंसं वाजवून सगळे खाली उतरले. पुन्हा बोलावणं आलं ते मध्यरात्रीच्या सुमारास, लोक घरी निघायच्या बेतात असताना. न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवासाठी मुद्दाम बांधलेली नवी रचना झाली. तिचं कौतुक बेताचंच. मग एलिंग्टनने पोतडीतून एक जुनी चीज काढली, १९३७ सालची ‘डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू’.

ही रचना दोन भागांची. पहिल्या भागात जोर ओसरत जातो, दुसऱ्यात चढत जातो. मूळ रेकॉर्डिंगमध्ये हे दोन भाग एकाच तबकडीच्या दोन बाजूंना होते. ऐकणाऱ्याने उठून तबकडी उलटायची. त्या दोन बाजूंमधली जागा एलिंग्टनने पुढे एका माणसाच्या हवाली केली. तो माणूस म्हणजे टेनर सॅक्सोफोन वाजवणारा पॉल गोन्साल्विस.

ब्लूजचं एक आवर्तन बारा बारचं, आपल्या हिशेबात ४८ मात्रांचं. त्या रात्री गोन्साल्विसने सलग २७ आवर्तनं वाजवली. बाकी बँड गप्प. सोबतीला फक्त बास, ड्रम आणि अधूनमधून पियानोचा टेकू. ऐकताना जाणवतं की त्यात तयारीचं प्रदर्शन नाही. एखादा छोटा तुकडा तो धरतो, घोळवतो, त्याच्यावर रेलतो आणि तो पुरता पिळून झाला की पुढचा उचलतो. लय कणभरही पळत नाही. काही आवर्तनांनंतर मागून माणसांचा आवाज येऊ लागतो. आधी कुणीतरी ओरडतं, मग टाळ्या लयीत पडतात, मग सात हजारांच्या गर्दीचा एकच गलका होतो. काळ्या पोशाखातली एक सोनेरी केसांची बाई उठून नाचू लागली होती. काउंट बेसीच्या बँडचा जुना ड्रमर जो जोन्स स्टेजच्या कडेला बसून वर्तमानपत्राच्या गुंडाळीने ठेका देत होता. एलिंग्टन पियानोवरून ओरडून गोन्साल्विसला चेतवत होता. लोक बेभान झालेले पाहून आयोजक जॉर्ज वीनच्या पोटात गोळा आला. तो आवरतं घ्या म्हणून खुणा करू लागला, तेव्हा एलिंग्टनने त्यालाच बोट दाखवून दटावलं.

माझा कान ख्यालाच्या मैफलीत घडला आहे. तिथे गवई तबलजीला मोकळं सोडतो ते सहसा दोन-चार आवर्तनांपुरतं, आणि सम आली की सूत्रं पुन्हा आपल्या हाती घेतो. इथे एलिंग्टन एकामागून एक समा सोडून देतो. स्वतः लिहिलेली रचना, स्वतःचं नाव, पणाला लागलेली स्वतःची इभ्रत, आणि ऐन मध्यावर सगळी भिस्त दुसऱ्याच्या फुप्फुसांवर! पुढच्याच महिन्यात ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर चेहरा झळकला तो मात्र एलिंग्टनचा.

त्यात एक थट्टाही आहे. गोन्साल्विस चुकीच्या मायक्रोफोनसमोर उभा राहिला. तो माइक ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या रेडिओचा होता, रेकॉर्ड काढणाऱ्या कोलंबिया कंपनीचा नव्हे. त्यामुळे ज्या वादनाने रेकॉर्ड तुफान खपली, तेच तिच्यात दुरून आल्यासारखं वाजतं. उलट, त्या रात्री नीट न बसलेली नवी रचना दोन दिवसांनी स्टुडिओत पुन्हा वाजवून घेतली आणि वर टाळ्या चिकटवल्या. रेडिओची टेप १९९६ साली सापडली. दोन्ही टेप जुळवून १९९९ साली खरी रात्र बाजारात आली. डागडुजी केलेला भाग कोण आवर्जून ऐकतो? लोक येतात ते त्या २७ आवर्तनांसाठी.

गोन्साल्विस हे नाव आपल्या कानाला थेट गोव्याचं वाटतं. त्याचं घराणं केप व्हर्दे बेटांवरचं, म्हणजे तीही तेव्हा पोर्तुगिजांचीच वसाहत. मुंबईच्या हॉटेलांतले डान्स बँड आणि हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद ज्या गोवेकरांनी उभे केले, त्यांच्यातही अशी आडनावं होतीच. १९६३ साली एलिंग्टनचा बँड मुंबईत वाजवून गेला, त्यात गोन्साल्विसही होता. वाद्यवृंदातला माणूस आणि रेकॉर्डवरचं नाव यांतलं अंतर मुंबईच्या त्या वादकांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांची हयात त्यातच गेली.

तरी एलिंग्टनने गोन्साल्विसला वापरून घेतलं, असं मला म्हणवत नाही. दारू आणि अमली पदार्थांनी गोन्साल्विसला पुढे पोखरलं. भर कार्यक्रमात तो खुर्चीवर डुलक्या घेताना दिसायचा. दुसऱ्या कुणी त्याला कधीच घरी पाठवलं असतं. एलिंग्टनने त्याला अखेरपर्यंत ठेवलं, पगार दिला, सोलोही दिले. मे १९७४मध्ये दोघे नऊ दिवसांच्या अंतराने गेले, आधी गोन्साल्विस. आजारी एलिंग्टनला ती बातमी मुलाने कळू दिली नाही.

दुसऱ्याला जागा देणं म्हणजे मनाचा मोठेपणा, असं आपण सहज म्हणून जातो. पण जागा एका रात्रीपुरती देणं सोपं असतं, विशेषतः ती रात्र रंगली तर. ज्या रात्री सॅक्सोफोनवाला पेंगतो आणि लोक कुजबुजतात, त्या रात्रीही ती जागा त्याचीच ठेवायची, आणि पगाराच्या दिवशी त्याच्या नावाचं पाकीट वेगळं काढायचं. खरा मोठेपणा म्हणावा तो ह्याला. न्यूपोर्टच्या रेकॉर्डवर यातलं काही ऐकू येत नाही, पण ती २७ आवर्तनं ह्याच भांडवलावर उभी आहेत.