आमची दैवते

आमच्या शालेय वयातील दैवत म्हणजे सुनील गावसकर. १९७१ साली वेस्ट इंडीजमध्ये आपल्या पहिल्याच मालिकेत त्यांनी चार कसोटी सामन्यांत ७७४ धावा काढल्या, आणि त्या धावा आमच्याच कमाईच्या असल्याप्रमाणे आम्ही वर्गात मिरवू लागलो. वास्तविक आम्हांस साधा सरळ चेंडूही अडविता येत नसे! शेजारच्या बाकावरील आमचा स्नेही मात्र गुंडाप्पा विश्वनाथांचा भक्त. एके दिवशी वाद इतका विकोपास गेला की, त्याने वहीवर चिकटविलेले विश्वनाथांचे चित्र आम्ही टरकावले. त्याने आमच्याशी बोलणेच सोडले.

हे ऐकून आजी रागावली नाही. तिने पेटीच्या तळाशी जपलेले एक पिवळे छायाचित्र आमच्यापुढे ठेविले. अंगावर शालू, नाकात नथ, मान किंचित कललेली.

"ही बाई कोण, आजी?"

"बाई कुठली! हे नारायणराव राजहंस. बालगंधर्व."

१९११ साली 'मानापमान' नाटकाच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच नारायणरावांची तान्ही मुलगी वारली. तरी ते भामिनीच्या वेषात रंगभूमीवर उभे राहिले. लोकांनी त्यांस डोक्यावर घेतले यात नवल नाही. असा गळा फार क्वचित जन्मास येतो. पण नवल पुढेच आहे. लुगडे कसे नेसावे, नथ कशी मिरवावी, हे घरोघरच्या स्त्रिया या पुरुषाकडे पाहून शिकल्या. कारण कुलीन घरच्या मुलींस रंगभूमी बंद होती. आमचे आजोबा गाडीभाडे खर्चून 'स्वयंवर' पाहावयास जात, रुक्मिणीच्या पदास हात उंचावून 'वन्स मोअर' देत, आणि पहाटे जात्यावर आजीचा सूर जरा चढला की आतून ओरडत, "कुळवंताच्या घरात हे गाणे नको!"

तेव्हा आम्हांस थोडे उमजले. आमच्या अंगी जे नव्हते ते आम्ही गावसकरांकडून उसने घेत होतो, इतकेच. आजोबांची गोष्ट निराळी होती. जे घरात होते, ते दाबून टाकून त्यांनी दुसरीकडे पूजिले. आणि असे करणारे ते काही एकटेच नव्हते. सारे नाट्यगृह अशाच यजमानांनी भरलेले असे.

पुढे खाऊच्या पैशांतून विश्वनाथांचे दुसरे चित्र आणून आम्ही स्नेह्यास दिले. त्याने ते मुकाट्याने घेतले. बोलावयास मात्र आणखी आठवडा लावला.

त्या संध्याकाळी आम्ही आजीस म्हटले, "तू जात्यावर म्हणायचीस ते म्हण ना." आजोबांस जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. तरी आजीने आधी दाराकडे पाहिले, आणि मग अगदी हलक्या आवाजात सूर लाविला.