वाणाचं नाव विचारा

संपादकांनी या अंकासाठी एकच प्रश्न पाठवला : आतून पिवळं निघणारं कलिंगड, द्राक्षाएवढे टोमॅटो, केशरी गराचं खरबूज, हे सगळं नैसर्गिक आहे का? भाजीपाल्याचे वाण तयार करणं हा माझा व्यवसाय आहे आणि हा प्रश्न मला लग्नकार्यात, रेल्वेच्या डब्यात, बँकेच्या रांगेत, सगळीकडे विचारला जातो. उत्तर 'हो' असं आहे. पण तेवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, म्हणून विस्ताराने लिहिते.

लिहायला बसले त्याला गेल्या उन्हाळ्यातला एक प्रसंगही कारण आहे. इंदापूर भागातल्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने थोड्या क्षेत्रावर पिवळ्या गराचं कलिंगड लावलं होतं. माल देखणा होता. रसाचे दोन थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकून मी स्वतः साखर मोजली, ती बारा ब्रिक्सच्या वर भरली. कलिंगडात दहा म्हणजे बरं आणि बारा म्हणजे उत्तम. नेमका तोडणीच्या आठवड्यात मोबाइलवर एक व्हिडिओ फिरला. कलिंगडात सुई खुपसून कुणीतरी रंग भरतंय, असं त्यात दाखवलं होतं. व्यापाऱ्याने गाडी भरायला नकार दिला आणि तो माल शेवटी लाल कलिंगडाच्या निम्म्या भावाने गेला. "ताई, पुढच्या साली लालच लावतो," एवढंच तो म्हणाला. त्याला थांबवावं असं माझ्याजवळ काही नव्हतं आणि ते मला अजून सलतं.

आधी त्या सुईचं सांगते. अख्ख्या कलिंगडाला सुई टोचली की त्या छिद्रातून जिवाणू आणि बुरशी आत शिरतात आणि उन्हाळ्याच्या उष्म्यात फळ लवकरच आंबतं. शिवाय टोचलेला रंग गरभर एकसारखा पसरत नाही, टोचल्या जागी त्याचा डाग राहतो. कापून ठेवलेल्या फोडींना कुणी रंग लावत असेल तर तो गुन्हाच आहे, त्याची तक्रार जरूर करा. पण गरातले पांढरे धागे हा इंजेक्शनचा पुरावा नव्हे, त्या फळाच्या रसवाहिन्या असतात. मध्ये भेग पडून गर पोकळ झाला असेल तर परागीभवन अपुरं झालं किंवा फळ पोसताना हवामान एकदम बदललं, असं समजावं.

आता रंगाचं. लाल कलिंगडाचा रंग लायकोपीनचा. वनस्पती आधी लायकोपीन बनवते आणि मग एक विकर त्याचं पुढच्या पिवळ्या-केशरी रंगद्रव्यांत रूपांतर करतं. लाल कलिंगडात ही पुढची पायरी जवळपास बंद असते, म्हणून लायकोपीन साठत जातं. पिवळ्या गरात ती चालू असते. हा नव्या काळातला शोधही नाही. राजस्थानातलं 'दुर्गापुरा केसर' हे पिवळ्या गराचं वाण आपल्याकडे कित्येक वर्षांपासून आहे. ते शहरातल्या दुकानांपर्यंत पोचलं नाही, इतकंच.

'हायब्रीड म्हणजेच जीएम' हा समज तर जाता जात नाही. भारतात शेतकऱ्यांच्या शेतात व्यापारी लागवडीपर्यंत पोचलेलं जनुकीय बदल केलेलं पीक एकच, २००२ साली परवानगी मिळालेला बीटी कापूस. बीटी वांगं २०१० मध्ये थांबवलं गेलं. टोमॅटो, कलिंगड किंवा खरबुजाचं एकही जीएम वाण आपल्याकडे विकायला परवानगी नाही. हायब्रीड कसं तयार होतं ते पाहायचं असेल तर बुलडाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजाच्या बाजूला शेडनेटमध्ये जावं. उद्या उमलणारी टोमॅटोची कळी बाया आज दुपारनंतर चिमट्याने उघडतात आणि आतली पुंकेसरांची पिवळी नळी अलगद उपसून काढतात. मधली स्त्रीकेसराची दांडी काडीहून बारीक असते, तिला धक्का लागला की फूल वाया गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचा पराग बोटातल्या खोलगट अंगठीत घेऊन त्या दांडीचं टोक त्यात बुडवतात आणि खूण म्हणून फुलाची दोन हिरवी दळं कापतात. फळ पिकलं की ही खूण पाहूनच बियाण्यासाठी घेतात. तिकडे याला 'क्रॉसिंग' म्हणतात. शहरात ज्याला प्रयोगशाळेतली करणी समजतात, ते हे काम आहे. वाकून वाकून कंबर धरते, नजर शिणते आणि या बायांचं नाव कुठल्याही पाकिटावर येत नाही.

रंगावरचा आक्षेप मला फारसा लागत नाही. चवीवरचा लागतो. "पूर्वीची चव राहिली नाही, हायब्रीडने घालवली," हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे. यातला पहिला अर्धा भाग खरा आहे, दुसरा चुकीचा आहे. हा भाग थोडा किचकट होईल, पण वाचकांनी सोबत यावं, कारण सगळा वाद इथेच अडकलेला आहे.

जुन्या गावठी टोमॅटोचं कच्चं फळ देठाशी गर्द हिरवं असायचं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत पैदासकारांना एकसारख्या फिक्या हिरव्या फळांची झाडं सापडली. अशी फळं एकसारखी लाल होतात, कुठलं तोडायचं ते लगेच कळतं. हा गुण पुढे जगभरच्या वाणांत घेतला गेला. २०१२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यामागचं जनुक प्रसिद्ध झालं. फळात हरितकणांची वाढ घडवणारं ते जनुक या झाडांत मोडलेलं होतं. फळाची बहुतेक साखर पानांकडून येते, पण हिरवं फळ स्वतःही थोडी बनवतं, आणि तोच वाटा कमी झाला होता. ते जनुक पुन्हा कामाला लावल्यावर साखर वाढली, लायकोपीनही वाढलं. झालं, 'चव मारणारं जनुक सापडलं' अशा बातम्या जगभर छापून आल्या.

माझं भांडण त्या बातम्यांशी आहे, संशोधनाशी नाही. आपल्या कडक उन्हाळ्यात देठाकडचा तोच गर्द पट्टा तापतो, नीट लाल होत नाही, पिवळा आणि कडक राहतो. असा टोमॅटो मुंबईचं गिऱ्हाईक हातात घेऊन परत ठेवतं. तेव्हा जुनं जनुक आणलं की चव परत आली, इतकं ते सोपं नाही. दुसरं म्हणजे चव केवळ साखरेवर नसते. साखर, आम्लता आणि गंध मिळून चव होते. फ्लोरिडा विद्यापीठातले हॅरी क्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ३९८ प्रकारच्या टोमॅटोंचा जनुकीय अभ्यास मांडला. लोकांना चाखायला देऊन कोणते गंध आवडतात तेही तपासलं. आवडीशी जोडलेली १३ गंधद्रव्यं आधुनिक वाणांत लक्षणीय कमी झालेली आढळली. मला त्यात आशा दिसते ती अशी : साखर वाढवायची तर बहुधा फळ लहान होतं आणि एकरी उत्पादन घटतं, शेतकऱ्याला ते परवडत नाही. गंधद्रव्यं मात्र अत्यल्प प्रमाणात लागतात. ती परत आणली तर उत्पादनाला धक्का पोचण्याचं कारण नाही. म्हणजे चवीचा टोमॅटो हायब्रीडमध्येच आणता येतो, फक्त निवड करताना कुणीतरी चव पाहायला हवी.

ती पाहिली जात नाही, ही खरी अडचण. नारायणगावच्या किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात क्रेटचा भाव ठरतो तो रंग, आकार आणि टणकपणा पाहून. ट्रक दिल्लीपर्यंत गेला आणि तळातला माल फुटला नाही, तर वाण चांगलं. आमच्या चाचणी प्लॉटवर एक ओळ होती. साल पातळ, चव अशी की प्लॉट पाहायला आलेले शेतकरी तिथेच उभे राहून खायचे. वाहतुकीत ती दोन दिवसांत मऊ पडली आणि यादीतून गेली. निर्णय घेणाऱ्यांना मी दोष देत नाही, त्यांना बियाणं विकायचं असतं. पण वाण निवडण्याच्या आमच्या तक्त्यात चवीचा रकाना शेवटी होता, हे मला विसरता येत नाही.

कलिंगड-खरबुजाची गोष्ट थोडी वेगळी आहे. आंबा किंवा केळं तोडल्यावर गोड होतं, कारण त्यात साठवलेल्या स्टार्चची साखर होते. कलिंगड-खरबुजात असा साठा नसतो. शेवटच्या दिवसांत पानांकडून जेवढी साखर आली तेवढीच, वेलावरून सुटल्यावर एक कणही वाढत नाही. भुरी रोगाने पानं गेली, तोडणीच्या तोंडावर पाणी जास्त झालं किंवा भाव साधायला फळ आठ दिवस आधी तोडलं, की कितीही चांगलं वाण फिकं निघतं. त्यात रमजानची मागणी मोठी आणि रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२६ मध्ये तो फेब्रुवारीतच सुरू झाला, म्हणजे त्यासाठीचं फळ थंडीच्या रात्रींत पोसलेलं. उष्ण हवेच्या या पिकाकडून थंडीत गोडी मागणं हे आज आमच्यापुढचं अवघड काम आहे, आणि लोक मात्र तोपर्यंत "बियाणं बिघडलं" म्हणत राहतात.

मग या नव्या वाणांचं मला कौतुक का? रंगासाठी नाही. रंगीत पण बेचव फळंही बाजारात आली आहेत आणि ती विश्वास घालवतील, अशी भीती मला वाटते. कौतुक आहे ते गिऱ्हाइकाला वेगळी ओळखू येतात म्हणून. आपण आंबा घेताना हापूस की पायरी ते विचारतो, तांदूळ इंद्रायणी की आंबेमोहर, ज्वारी मालदांडी आहे ना, हे पाहतो. टोमॅटो मात्र नुसता टोमॅटो. बियाण्याच्या पाकिटावर नाव असतं, रोपवाटिकेत असतं, पुष्कळदा व्यापाऱ्यालाही ठाऊक असतं. क्रेट दुकानात उतरलं की ते पुसलं जातं. नाव नाही म्हणून चांगल्या चवीला जादा भाव नाही, आणि भाव नाही म्हणून ती चव पुढच्या हंगामात लावायला कुणी धजावत नाही. चेरी टोमॅटो, दोन-तीन किलोचं छोटं कलिंगड, पिवळा गर यांनी ही साखळी पहिल्यांदाच थोडी तोडली आहे.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. पिकलेला टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवू नका. पाच अंशांवर आठवडाभर राहिला की गंध बनवणारी जनुकं मंदावतात आणि बाहेर काढल्यावर तो गंध पुरता परत येत नाही, हे २०१६ मध्ये प्रयोगांनी दाखवलं आहे. अन् दुकानदाराला विचारा : हे वाण कोणतं? पहिल्यांदा त्याला सांगता येणार नाही. पाच-दहा जणांनी विचारलं तर तो व्यापाऱ्याला विचारेल आणि व्यापारी शेतकऱ्याला. आवडलं तर त्याच नावाने पुन्हा मागा. नाही आवडलं तर तेही नाव घेऊन सांगा. नावानिशी केलेली तक्रार आमच्या त्या तक्त्यात नोंदवता येते. "हल्ली चवच राहिली नाही" हे वाक्य कुठल्याच रकान्यात बसत नाही.