हिरवळीचा ताळेबंद

पुण्यातल्या एका सोसायटीच्या बागेचे काम मी पाहतो, आणि त्या कामाने माझे एक मत पक्के केले आहे. बागेचा विषय सभेत शोभेचा म्हणून येतो, पण मुळात तो पाण्याचा विषय आहे. तसा तो मांडला की लॉनची बाजू फार वेळ टिकत नाही. हिशेब कोणालाही करता येईल असा आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. म्हणजे १,००० चौरस मीटर लॉनवर वर्षभरात सात लाख लिटर पाणी पडते. नोव्हेंबर ते मे या सुमारे २१० दिवसांत त्याच लॉनला रोज सरासरी चार मिलिमीटर पाणी लागते असे धरले (मे महिन्यात जास्त, डिसेंबरात कमी), तर आठ लाख चाळीस हजार लिटर होतात. त्या जागेवर पडलेला थेंब न् थेंब साठवला तरी तिथले गवत उन्हाळा काढू शकत नाही. उरलेले पाणी कुठून तरी आणावेच लागते आणि एप्रिल-मेमध्ये हे ‘कुठून तरी’ म्हणजे बोअर किंवा टँकर. पुण्याखाली काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरात मावेल तेवढेच पाणी बोअर देते.

यावर ठरलेले उत्तर येते: आम्ही एसटीपीचे, म्हणजे सोसायटीच्याच सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेतले पाणी वापरतो, ते फुकटच आहे. ते फुकट नसते. ब्लोअर आणि पंपांचे वीजबिल मेंटेनन्समधूनच जाते. शिवाय तेच पाणी फ्लशला वापरले तर तेवढे ताजे पाणी वाचते. लॉनला घातलेले पाणी कोणाचीच गरज भागवत नाही. या पाण्यात क्षारही जास्त असतात. पोडियमवर, पार्किंगच्या स्लॅबवरच्या उथळ मातीत, ते वर्षानुवर्षे साचत गेले की गवत पिवळे पडते. मग माळी पाणी वाढवतो, कंत्राटदार खत वाढवतो आणि दोन-चार वर्षांनी लॉनचे नवे तुकडे अंथरायचे बिल येते.

लॉन काढायचे तर तिथे काय लावायचे? ‘देशी झाडे’ एवढे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. ताम्हण आपले राज्यफूल खरे, पण ते नदीकाठचे, ओलाव्यातले झाड आहे. कोरड्या मुरमाड कोपऱ्यात त्याला पाणी पुरवत बसावे लागते. उलट बहावा ऐन उन्हात फुलतो, तर कडुनिंब आणि करंज पहिली दोन-तीन वर्षे सांभाळले की नंतर फारसे काही मागत नाहीत. पोडियमवर मोठ्या झाडांचा हट्ट नको. तिथे कोरांटी, निर्गुडी, अडुळसा अशी झुडपे लावावीत. जमीन असेल तर धायटीही लावावी, तिच्या लाल फुलांवर शिंजीर येतात. परदेशी म्हणून उभा गुलमोहर किंवा रेन ट्री तोडायला मात्र माझा ठाम विरोध आहे. वाढलेल्या झाडाची सावली नव्या रोपाकडून मिळायला निदान दहा वर्षे जातात. अशा झाडांच्या बुंध्यापर्यंत ठोकलेले पेव्हर ब्लॉक काढावेत. तेवढ्यानेही पाणी मुळाशी जिरते.

झुडपे म्हटली की साप आणि डास निघतात. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. साप उंदरांमागे येतो आणि उंदीर उघड्या कचऱ्यामागे, म्हणून आधी कचऱ्याची खोली बंद हवी. मुलांच्या खेळायच्या जागेपासून आणि पायवाटेपासून झुडपे दूर ठेवणे हेही शहाणपणच. प्रौढ डास दिवसा झुडपांत बसतात हे खरे, पण डेंग्यूचा डास अंडी घालतो साचलेल्या स्वच्छ पाण्यात, म्हणजे बाल्कनीतल्या कुंड्यांखालच्या ताटल्यांत. त्या ताटल्या रिकाम्या करायचा ठराव कोणी मांडत नाही.

मुलांच्या खेळाचा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. त्यांना लोळायला गवत हवेच. पण ती जागा मोजकी असावी आणि तिथे हरळी असावी. हरळी मेमध्ये वाळते, पावसाच्या पहिल्या सरीनंतर पुन्हा फुटते. ‘गवतावर चालू नका’ अशी पाटी लावलेले लॉन मुलांच्या नावावर मागणे काही पटत नाही.

राहिली फ्लॅटच्या किमतीची गोष्ट. घर घेणारा हिरवळ पाहतो हे मी नाकारत नाही. पण तो पाण्याच्या टँकरबद्दलही विचारतोच, आणि त्याचे उत्तर बागेतच दडलेले असते. अडचण सभेच्या वेळेची आहे. वार्षिक सभा कायद्याने ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि बहुतेक सोसायट्या ती पावसाळ्याच्या शेवटी घेतात. तेव्हा लॉन फुकटात हिरवेगार असते आणि टँकरची बिले फायलीत गेलेली असतात. म्हणून बागेच्या ठरावासाठी एप्रिलमध्ये विशेष सभा बोलवावी आणि अजेंड्याला त्या महिन्याची टँकरची बिले जोडावीत. ठराव झाला तर मेमध्ये खड्डे घेता येतात आणि जूनच्या पावसात रोपे लागतात.