पत्रास कारण, एसी

अगं,

शेवटी आमच्याकडे एसी येतोय. घे, हसून घे एकदाचं. ज्या घरात मार्च लागला की माळ्यावरून कूलर उतरतो, नव्या वाळ्याच्या ताट्या लागतात आणि त्या पहिल्या ओलसर वासाला सासूबाई 'आता आला उन्हाळा' म्हणतात, त्या घरात एसी! पण लेक आता घरूनच नोकरी करते, वरच्या खोलीत. डोक्यावर स्लॅब, एक भिंत पश्चिमेची. मे महिन्यात कूलर तिथं बरा चालतो, हवा कोरडी असते ना, पाणी भराभर उडतं आणि गारवा देतं. पण जूनमध्ये आभाळ भरून आलं की तोच कूलर नुसती ओल फेकतो. अंथरुणं चिकट, पापड मऊ आणि माणसं तिखट.

तुला सांगते, खरेदीला निघाले तेव्हा सारखी तुझी आठवण येत होती. टोरांटोत तुझा फर्नेस बदलायचा होता त्या हिवाळ्यात तू मला काय पिडलं होतंस! लेनॉक्स की कॅरिअर, ब्रायंट की गुडमन. मी इकडे हुरडा खात खात तुझे ते लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकायची. आणि शेवटी तुला शोध काय लागला, तर ब्रायंट हे कॅरिअरचंच भावंड आणि गुडमन तर २०१२ सालीच जपानच्या डायकिननं विकत घेतलेली. 'म्हणजे मी इतके दिवस एकाच घरातले नवरदेव पाहत होते!' असं तू ओरडली होतीस. मी पोट धरून हसले होते. त्याचा सूड नियतीनं इथं नागपुरात बर्डीवरच्या एका दुकानात उगवला.

भिंतभर एसी. व्होल्टास, ब्लू स्टार, डायकिन, एलजी, हिताची, गोदरेज, लॉइड. सगळ्यांचे चेहरे एकसारखे पांढरे. आणि लेकीनं तिथंच कानात सांगितलं की आई, यातल्या बऱ्याच कंपन्या सगळा माल स्वतः बनवतच नाहीत. अंबर एंटरप्रायझेससारखी कंपनी कितीतरी ब्रँडना एसी तयार करून देते. ह्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. कारण ह्यांचं आधीच ठरलेलं होतं, घ्यायचा तर टाटांचा. मी म्हटलं, व्होल्टास १९५४ मध्ये टाटांनी फोल्कार्ट या स्विस मंडळींबरोबर काढली होती, तेव्हा तुमचं देशप्रेम थोडं बेतानं. त्यावर नणंदेच्या यजमानांचा फोन : 'वहिनी, जपानी घ्या, डोळे मिटून.' भाऊजींनी स्वतः गेल्या ऑगस्टमध्ये घेतला. सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तो विषय त्यांच्यासमोर काढायचा नाही, असं नणंदेनं सगळ्यांना बजावलंय.

मी मात्र, तुझ्याच पावलावर पाऊल ठेवून, चष्मा लावला आणि ते ताऱ्यांचं लेबल आयुष्यात पहिल्यांदा नीट वाचलं. दीड टन म्हणजे हिशेबानं साधारण ५,२७५ वॅट गारवा. पण दीड टन म्हणून ठेवलेल्या सगळ्या पेट्या तेवढा देतात असं नाही. काहींवर पाच हजारांच्या वरचा आकडा, काहींवर त्याच्या खालचा. टन तोच, किंमत जवळपास तीच! ब्रँडवरून घरात महाभारत, आणि ह्या आकड्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

गंमत पुढंच आहे. हा आकडा मोजतात तो बाहेर ३५ अंश धरून. पस्तीस! अगं, नागपुरात मे महिन्यात पस्तीस झाले तर लोक 'आज बरं वाटतंय नाही' म्हणत फिरायला निघतात. आपल्याकडे पंचेचाळीस ही मे महिन्यातली नेहमीची गोष्ट. २०२४ च्या मेअखेरीस एका केंद्रावर ५६ दिसले होते, तुलाही कुणीतरी ते पाठवलं असेलच. नंतर सेन्सर बिघडल्याचं निघालं, पण तोवर अख्खं गाव अभिमानानं घाम पुसत होतं. तर मुद्दा असा, की बाहेर जितकं तापतं तितकं आतली उष्णता बाहेर ढकलणं मशीनला जड जातं. नेमकं हवं तेव्हाच ते कमी पडतं. ४६ अंशाला किती वॅट, हे काही कंपन्या माहितीपत्रकात छापतात. काही नुसतं 'बावन्न अंशांतही चालतो' म्हणतात. चालणं वेगळं आणि गार करणं वेगळं, हे आपल्याला लग्नानंतर नव्यानं कुणी सांगायला नको.

विक्रीवाल्या पोराला मी हे विचारलं, तर त्यानं मला वायफाय दाखवलं. 'मॅडम, हा तुमचा आवाज ओळखतो.' म्हटलं, बाळा, घरात माझं कुणी ऐकत नाही, हा ऐकणार असेल तर दोन दे.

ताऱ्यांवरून ह्यांच्याशी चांगलंच वाजलं. ह्यांना पाचच हवेत, शाळेपासूनची खोड. मी म्हटलं, लेबलवर वर्षाचे जे युनिट लिहिलेत ते १,६०० तासांचा वापर धरून. आपला तर एप्रिल-मे बराचसा कूलरवर जाणार, एसी चालणार तो नवतपात आणि पुढं चिकचिकीच्या दिवसांत. सातशे-आठशे तास झाले तरी खूप. मग तीन आणि पाच ताऱ्यांमधला दोनेकशे युनिटांचा फरक निम्म्यावर येतो आणि वरचे आठ-दहा हजार फिटायला कितीतरी वर्षं लागतात. ह्यांनी महावितरणचं बिल काढून दाखवलं, तीनशे युनिटांच्या पुढं दर कसा चढतो ते. बोलणं खोटं नव्हतं गं. पण लेक म्हणाली, बाबा, आई बरोबर आहे, आणि तीन तारे नक्की झाले. तू घेशील तेव्हा मात्र लेबलावरचं सालही बघ बाई. निकष दर काही वर्षांनी कडक होतात, जुना पाच ताऱ्यांचा नव्या हिशेबात खाली उतरतो. तू कशाला इथं एसी घेशील म्हणा! पण वर्धा रोडच्या त्या फ्लॅटचं अजून तुझ्या मनात आहे, हे मला ठाऊक आहे.

सगळ्यात शहाणं बोलला तो आमच्या गल्लीतला कूलर-फ्रीज दुरुस्त करणारा. 'ताई, मशीन कोनतीबी घ्या, बसवनारा बरोबर पायजे.' तांब्याच्या नळ्या जोडल्या की आतली हवा आणि दमटपणा पंपानं ओढून काढायचा असतो म्हणे. घाईतली पोरं तो पंप आणतच नाहीत, थोडा गॅस सोडून हवा हाकलली की झालं. मग आत राहिलेली ओल मशीन खाते आणि शिव्या कंपनी खाते. बाहेरचं युनिट जाळीत कोंडू नका, त्याचीच गरम हवा तो परत ओढतो. कॉइल तांब्याची घ्या, गळली तर डागता येते. आणि दहा वर्षांच्या हमीवर भुलू नका, ती कॉम्प्रेसरची. गॅसचे नि मजुरीचे पैसे त्यात आहेत का ते आधी वाचा. मी माहितीपत्रकाच्या तळाशी तारांकित अक्षरं वाचली. मुंगीनं लिहिलेली असावीत.

जाता जाता तो वर बघून म्हणाला, 'पयले गच्चीवर चुना मारा.' मारला. खरं सांगते, संध्याकाळी छताकडून येणारी ती धग निम्मी वाटायला लागली. सासूबाई लगेच, 'मग आता पेटी कशाला?' लेकीनं हात जोडले.

शेवटी व्होल्टास ठरला. टाटा जिंकले म्हणून हे खुशीत आहेत. खरं कारण एवढंच, की तो दुकानदार म्हणाला, आमचा माणूस पंप घेऊन येईल, नाही आणला तर दारातून परत पाठवा. इतर दुकानांत हा प्रश्न विचारला तर माझ्याकडेच विचित्र नजरेनं बघत होते. गुरुवारी बसतोय. आमचा गल्लीतला तज्ज्ञ देखरेखीला हजर राहणार आहे, चहा-पोह्यांच्या बोलीवर. तर्रीसकट.

गरम-गार दोन्ही करणारा घ्या, असाही त्या पोराचा आग्रह होता. तुझ्याकडच्या हीट पंपाचंच तत्त्व, एका झडपेनं गॅसचा प्रवास उलटा फिरवायचा आणि बाहेरची उष्णता आत आणायची. तुमच्याकडे ते जन्ममरणाचं काम. इथं डिसेंबरात पारा दहाच्या आसपास गेला तर सासूबाई म्हणतात, गोधड्या काय शोभेला शिवल्या? तो बेत तिथंच बारगळला. पण हा टन-टन काय प्रकार आहे, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, एक टन म्हणजे दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी हे यंत्र खोलीतून काढून घेतं. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, 'तुझ्या त्या मैत्रिणीच्या दारात बर्फ फुकट पडतो, तर तो उन्हाळ्यापर्यंत साठवून का ठेवत नाहीत?' हे मी तुझ्यावर सोपवलंय. उत्तर त्यांच्या नावानं पाठव, आणि जरा मोठ्या अक्षरांत.

तुझीच,
मी