गाडीचा हिशोब

कोकणातल्या आमच्या वस्त्यांत परदेशच्या पैशाची मोजदाद बँकेच्या पासबुकावरून होत नाही, दारातल्या वस्तूंवरून होते. एके काळी टेपरेकॉर्डर होता, मग रंगीत टीव्ही आला, मग चिरेबंदी घरावर स्लॅब पडला, आणि आता दारात गाडी असते. वस्तू आली की मोहल्ल्याला कळते. ती गेली की त्याहून लवकर कळते. म्हणून नऊ महिन्यांची कोरी गाडी विकायची असे घरात निघाले तेव्हा पैशाचा विषय मागेच राहिला. अम्मी एवढेच म्हणाली, "विका, पण दिवसा विका. रात्री नेली तर लोक म्हणतील, ओढून नेली."

गाडी भाईने घेतली होती. सोळा वर्षे तो कुवेतला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुट्टीवर आला आणि अब्बांच्या नावावर टोयोटाची हायरायडर घेतली, हायब्रिड. अम्मीला दर महिन्याला कराडला डॉक्टरांकडे न्यावे लागते आणि वाटेत कुंभार्ली घाट. भाईचे म्हणणे असे की, अम्मीला आरामही मिळेल आणि पेट्रोलही वाचेल. गाडी रोख घेतली, कारण व्याजाचे कर्ज अब्बांनी हयातीत कधी घेतले नाही. सप्टेंबरमध्ये भाईच्या कंपनीचे काम संपले आणि तो कायमचा घरी आला. चिपळुणात इलेक्ट्रिकच्या सामानाचे दुकान भागीदारीत टाकायचे ठरले. त्याच्या वाट्याला सतरा लाख येत होते. आम्हा दोघा शिक्षकांच्या पगारातून सतरा लाख निघत नसतात. घरात विकण्याजोगी मोठी वस्तू एकच होती.

पहिला भाव एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने सांगितला, पंधरा लाख साठ हजार. दुसरीकडे सव्वासोळा. भाईचा चेहरा उतरला. गाडी रस्त्यावर आणायला साडेएकवीस लाख लागले होते. नऊ महिन्यांत सहा लाख गेले कुठे?

आम्ही शाळेत सातवीला नफा-नुकसान शिकवतो. तोच धडा घरात काढला. कागदावर रकमा वेगळ्या मांडल्या. शोरूमची किंमत साडेअठरा लाख. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के एकरकमी कर, तो दोन लाख बावीस हजार. विमा पासष्ट हजार. नोंदणी व इतर दहा हजार. म्हणजे जवळजवळ तीन लाख रुपये गाडीत नव्हतेच. ते सरकार आणि विमा कंपनीकडे पहिल्याच दिवशी गेले होते. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. चार मीटरहून लांब हायब्रिडवर आधी उपकरासह ४३ टक्के कर होता, तो ४० झाला. साडेअठरा लाखांमागे हा फरक अडतीस-एकोणचाळीस हजारांचा. नवी गाडीच तेवढी स्वस्त झाल्यावर आमची जुन्या भावाने कोण घेणार?

पण हाच कागद उलटा वाचला तेव्हा वाट दिसली. आज नवी गाडी घेणाऱ्याला कर आणि विमा धरून जवळजवळ एकवीस लाख मोजावे लागतात. आमची घेणाऱ्याला तो कर पुन्हा भरायचा नाही. महाराष्ट्रात गाडीचा एकरकमी कर गाडीबरोबर जातो. गोवा किंवा कर्नाटकातला गिऱ्हाईक मात्र आपल्या राज्यात कर भरणार आणि तेवढा भाव पाडून मागणार. म्हणून गिऱ्हाईक शक्यतो आपल्याच जिल्ह्यातला शोधायचा असे ठरले. २०१८ पासून नव्या मोटारीला तृतीय पक्षाचा विमा तीन वर्षांचा घ्यावा लागतो, त्यामुळे तोही फेब्रुवारी २०२८ पर्यंत होता. व्यापारी यातले काही मोजत नाही, कारण त्याला ती पुढे विकून नफा काढायचा असतो. वापरणाऱ्याला ते मोजून दाखवता येते.

हायब्रिडची अडचण वेगळीच. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण आधी विचारी, "चार्जिंगची पिन कुठे लावायची?" पिनच नाही, हे पटवायला अर्धा तास जाई. ही गाडी पेट्रोलच पिते. ब्रेक दाबताना आणि उतारावर जी शक्ती वाया जायची तिची वीज करून बॅटरीत ठेवते आणि सावकाश चालताना तीच वापरते. कंपनीचा आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर, आमच्या घाटरस्त्यावर बावीस-तेवीस पडे. दुसरा प्रश्न असे, "बॅटरी गेली तर?" त्यावर आम्ही वॉरंटीचे पुस्तक पुढे करू. हायब्रिड बॅटरीला आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर. मालक बदलला म्हणून ती संपत नाही, मात्र सर्व्हिस अधिकृत ठिकाणी झालेली हवी. सगळी बिले अब्बांनी तारखेवार लावली होती. तिसरा प्रश्न चिपळूणचाच: "पुरातली तर नाही ना?" २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर इथला माणूस कुठलीही जुनी गाडी घेताना सीटबेल्ट पूर्ण ओढून गाळाचा डाग बघतो. गाडी पुरानंतर साडेतीन वर्षांनी घेतलेली, तरी विचारणाऱ्याला आम्ही बेल्ट ओढूनच दाखवला. हायब्रिडची बॅटरी मागे, डिकीच्या खालच्या अंगाला असते. तिथे पाणी शिरले तर काय होईल हे त्याला न सांगताही कळते. शेवटी सर्व्हिस सेंटरमधून तपासणी करून लेखी अहवाल घेतला. त्या एका कागदाने आमचे निम्मे बोलणे वाचवले.

खरा पेच पडला तो मागच्या डाव्या दरवाजाचा. गल्लीत एका टेम्पोने घासले होते आणि दरवाजा रंगवून घेतला होता. दिसायला काही दिसत नव्हते. एजंट म्हणाला, "मास्तर, विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर गप्प बसा." भाईलाही तेच बरे वाटले. एकदा नुसते रंगाचे नाव काढताच एक गिऱ्हाईक चाळीस हजार कमी करून निघून गेला होता आणि दुकानाच्या भागीदाराची मुदत जवळ येत होती. त्या रात्री घरात आवाज चढले. भाई म्हणाला, "अब्बा, तुमच्या खरेपणाची किंमत मी भरतोय." अब्बा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मालाचा ऐब झाकून विकला तर ते पैसे दुकानात घालशील. दुकानात पहिला पैसा तो नको." भाई उठून गेला. आम्हाला दोघांचेही पटत होते, आणि दोघांचे पटणे फार जड असते.

नोव्हेंबरात दापोलीचे एक निवृत्त बँक अधिकारी आले. अब्बांनी चहाच्या आधीच दरवाजाचे सांगितले, रंगाची पावती दाखवली. ते म्हणाले, "गुरुजी, ज्यानं हे सांगितलं त्यानं दुसरं काही लपवलं नसणार." घासाघीस तरीही झाली; बँकेतला माणूस. सतरा लाख साठ हजारांवर सौदा ठरला.

कागदांत आम्ही ढिलाई केली नाही. पूर्ण रक्कम बँकेतून घेतली. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणे आयकर कायद्यात बसत नाही. अब्बांनी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या. कर्ज असते तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ आधी लागला असता. गाडी ताब्यात देताना तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घेतल्या, फास्टॅग बंद केला, विमा कंपनीला कळवले. आरसीवर नवे नाव चढेपर्यंत अब्बांना झोप नव्हती, आणि ते बरोबरच होते. नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. फॉर्मवर सह्या करून गाडी देऊन टाकणारे आणि नाव बदलले का हे कधीच न बघणारे आमच्या मोहल्ल्यातही आहेत.

आता हिशोब. गेले एकंदर तीन लाख सत्त्याऐंशी हजार. त्यातले जवळजवळ तीन लाख कर, विमा आणि नोंदणीचे, एकोणचाळीस हजार जीएसटीच्या बदलाचे. उरले अठ्ठेचाळीस-पन्नास हजार. नऊ महिने आणि नऊ हजार चारशे किलोमीटरचा झिजेचा खर्च एवढाच. खरेदीच्या वेळी शोरूमने १ टक्का टीसीएस कापला होता, तो अब्बांच्या पॅनवर जमा होता; विवरणपत्र भरून साडेअठरा हजार परत आले. पुष्कळ लोक ही रक्कम मागतच नाहीत.

गाडी सकाळी दहाला गेली, सगळ्या मोहल्ल्यादेखत. काही घरांच्या खिडक्या उघडल्या. अम्मीने दारात उभे राहून त्या बँकवाल्या साहेबांना सांगितले, "घाट उतरताना घाई करू नका, तेव्हाच ती चार्ज होते." आता कराडला जायला आम्ही ओळखीच्या माणसाची गाडी भाड्याने करतो. महिन्यातून एकदा ते परवडते, आणि दारात उभी राहून किंमत घटवणारे काही नाही. भाई रोज आठला दुकानात जातो. तिथे त्याच्या टेबलाच्या खणात अब्बांनी लिहिलेला तो हिशोबाचा कागद आहे. त्याने मागून घेतला, आम्ही दिला नव्हता.