सॉलिड तेल!

मोहाचं तेल म्हणजे भलतंच मूडी प्रकरण. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचतात. पुढे फळं पिकली की बिया गोळा करून, वाळवून त्यांचं तेल काढतात. गोंड, माडिया घरांत ते स्वयंपाकाला वापरतात. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा हे तेल एकदम पातळ. डिसेंबरच्या पहाटे बघाल तर तुपासारखं थिजलेलं.

आत्याने धानोऱ्याहून पाठवलेली बाटली पुण्याच्या फ्लॅटवर जानेवारीत अशीच थिजली. रूममेटने लगेच निकाल दिला, ‘वनस्पती तूप मिसळलंय. फेकून दे!’ सॉरी यार, नुसतं थिजणं हा भेसळीचा पुरावा नाही.

आतला फंडा असा. थिजलेल्या तेलातले रेणू थिएटरमधल्या प्रेक्षकांसारखे आपापल्या सीटवर असतात. जागच्या जागी चुळबुळ चालू, पण सीट सोडायची नाही. उष्णता मिळाली की चुळबुळ वाढते आणि एका टप्प्यावर रांगा मोडतात. इंटरव्हल! गर्दी जवळपास तेवढीच दाट, पण आता सगळे एकमेकांना घासत सरकू शकतात. रेणू स्वतः वितळत नाहीत की फुगत नाहीत. सैल होते ती त्यांची पकड.

या पकडीची किंमत बर्फात दिसते. ० अंशाचा १ ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ३३४ ज्यूल उष्णता लागते. तेवढ्यात १ ग्रॅम पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापेल! तरी वितळून संपेपर्यंत बर्फाचं तापमान हलत नाही, कारण सगळी उष्णता रांगा मोडण्यातच खर्च होते.

तेल मात्र बर्फासारखं एकाच ठरावीक अंशाला वितळत नाही, कारण ते मिश्रण आहे. त्यातल्या स्टिअरिक आणि पामिटिक आम्लांच्या साखळ्या सरळ. त्या एकमेकींना चिकटून नीट बसतात आणि सहजी उठत नाहीत. ओलिक आम्लाची साखळी मध्येच वाकडी, तिला रांगेत बसणं जमतच नाही. म्हणून २५ ते ३० अंशांच्या आसपास बाटलीत तळाशी घट्ट, वर पातळ असा सीन दिसतो.

अशी बाटली थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवा. रेणू तेच, तेलही तेच. भेसळीची शंका असेल तर लॅबमध्ये तपासून घ्या. पण नुसती थंडी पडली म्हणून कुणाच्या उन्हातान्हातल्या मेहनतीवर शिक्का मारू नका!